घरच्यांना घेऊन एअर शोला जाताय? मग हे आधी वाचा

पहिल्यांदा आम्ही एअर शोला गेलो तेव्हा लेक चार वर्षांची होती आणि आम्ही अगदी कुंपणाला चिकटून जागा पकडली होती, वाटलं जितकं पुढं तितकं भारी. पहिलं फायटर जेट डोक्यावरून गेलं आणि तिनं कानांवर हात दाबून जे रडायला सुरुवात केली ती पार्किंगला पोचेपर्यंत थांबली नाही. अकरा वाजता आम्ही घरी निघालो. जुनी विमानं अजून उडायचीच होती आणि माझे बाबा खास त्यासाठीच आले होते, ते काही बोलले नाहीत पण गाडीत सारखे मागं वळून बघत होते. ते अजून डोक्यातून जात नाही. त्यानंतर आम्ही बऱ्याच वेळा गेलो आणि दर वेळी थोडं थोडं शिकलो, ते सगळं इथं लिहितेय.

सगळ्यात पहिलं म्हणजे शोचं टाइमटेबल हातात आलं की त्यातलं भारी काय हे नंतर बघा, आधी घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं बघा. लहान मुलांचा जीव साधारण तीनेक तास रमतो, पुढं भूक, ऊन, झोप सगळं एकदम येतं. म्हणून दोन-तीन गोष्टी पक्क्या ठरवायच्या की ह्या बघायच्याच, बाकीचं मिळालं तर मिळालं. आमच्याकडं एक जुनं विमान, एक फायटर आणि एक फॉर्मेशनवाली टीम, म्हणजे बरीच विमानं जवळजवळ राहून एकत्र उडवणारी, एवढंच ठरलेलं असतं. दिवसभर सगळं बघायचा हट्ट धरला की शेवटी कुणालाच काही नीट बघायला मिळत नाही.

आता कानांचं, हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे कारण बहुतेक लोक इथंच चुकतात. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि दर १० डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते. कानांसाठी सर्वसाधारण नियम असा धरतात की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आणि आफ्टरबर्नर लावून, म्हणजे इंजिनच्या मागच्या झोतात जास्तीचं इंधन जाळून, जवळून टेकऑफ करणारं फायटर १२० च्या वर सहज जातं. म्हणजे इथं मिनिटांचा हिशोबच उरत नाही, कान आधीच झाकलेले पाहिजेत. मोठ्यांना फोमचे इअरप्लग चालतात पण ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवून उपयोग नाही. बोटांनी लाटून एकदम बारीक करायचं, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि जरा मागं ओढायचा, मग प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. लहानांना मात्र प्लग नको, ते काढून तोंडात घालतात, त्यांना डोक्यावरून घालायचे इअरमफच घ्या, तान्ह्या बाळांसाठी मऊ पट्ट्याचे वेगळे मिळतात. गाणी ऐकायचे हेडफोन म्हणजे इअरमफ नव्हेत, हे दुकानात परत एकदा विचारून घ्या.

आणि इअरमफ शोच्या दिवशी पहिल्यांदा डोक्यावर चढवू नका. आम्ही आठवडाभर आधी आणले, घरात मिक्सर लावायच्या आधी लेकीला सांगायचं, चला पायलट, घाला. दोन दिवसात ती स्वतःच मागायला लागली. मोबाईलवर जेटचे व्हिडिओ आधी बारीक आवाजात, मग जरा मोठ्यानं असं दाखवलं, त्यामुळं खरं जेट आलं तेव्हा तिला कळत होतं की हा आवाज येणार आणि जाणार. आवाजाचा जास्तच त्रास होणारी मुलं असतील तर धावपट्टीच्या मधोमध बसू नका, कडेला आणि मागं बसा, लाऊडस्पीकरच्या खांबापासून पण लांब. तिथून फायटर थोडं लहान दिसतं पण मूल रडत नाही, मग बघायला तुम्हालाही मिळतं.

लवकर जा. गेट उघडायच्या वेळी तिथं असलात तर अर्धी लढाई जिंकलीत, कारण सकाळचे पहिले एक-दोन तास स्टॅटिक डिस्प्लेचे असतात, म्हणजे जमिनीवर उभी करून ठेवलेली विमानं. दुपारी तिथं रांगा लागतात, सकाळी तुम्ही आरामात विमानाच्या पोटाखाली उभं राहून चाकांच्या खोबणीत वाकून बघू शकता. विमानाजवळ जो माणूस उभा असतो, युनिफॉर्ममध्ये किंवा तेलाचे डाग पडलेल्या ओव्हरऑलमध्ये, त्याच्याशी बोला. ह्या लोकांना विचारलेलं आवडतं. मुलांना एखादा प्रश्न आधीच तयार करून द्या, माझ्या लेकीचा ठरलेला प्रश्न आहे, ह्याला रोज काय काय तपासायला लागतं? ह्या एका प्रश्नावर एकदा एका मेकॅनिक काकांनी तिला विमानाच्या नाकाजवळची बारीक नळी दाखवली, तिच्यावर लाल कव्हर आणि लांब लाल रिबीन होती. त्या नळीतून वारा आत जातो आणि त्यावरून वेग कळतो, आत एखाद्या किड्यानं घर केलं तरी वेग चुकीचा दिसतो, म्हणून उभं असताना झाकतात आणि उडायच्या आधी काढतात, रिबीन लाल आणि लांब अशासाठी की काढायची राहू नये. आता प्रत्येक विमानाजवळ गेलं की ती आधी लाल रिबिनी मोजते.

हात लावायचा का हे मात्र विचारूनच. आणि प्रोपेलरला तर कधीच नाही, विमान कितीही बंद दिसत असलं तरी. जुन्या इंजिनांमध्ये ठिणगी मॅग्नेटोतून पडते, म्हणजे इंजिन फिरलं की आपोआप वीज बनवणाऱ्या छोट्या यंत्रातून, तिला बॅटरी लागत नाही, काही बिघाड असला तर नुसतं पातं ढकललं तरी इंजिन एक झटका देऊ शकतं. मुलांना हे सरळ सांगा, घाबरवून नको, पण सांगा.

आता जुन्या विमानांबद्दल. लोकांना वाटतं जुनी विमानं म्हणजे मधली वेळ, तेवढ्यात खाऊन घेऊ, टॉयलेटला जाऊन येऊ. माझं मत बरोबर उलटं आहे. फायटर कुठल्याही शोमध्ये दिसेल, पण १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या टायगर मॉथच्या जातीचं, कापड ताणून बांधलेल्या पंखांचं दोनपंखी विमान तुमच्यासमोर गवतावरून उचललं जातंय हे किती वेळा दिसणार? किंवा डाकोटा, दोन इंजिनांचं जुनं मालवाहू विमान, जिचं मूळ डीसी-३ हे विमान १७ डिसेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. किंवा स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर, मार्च १९३६ मध्ये पहिलं उड्डाण, वीस हजारांच्या वर बनली आणि आता उडती फार थोडी उरलीत. ही विमानं कुणीतरी वर्षानुवर्षं पार्ट जमवून, काही पार्ट तर नव्यानं घडवून जिवंत ठेवलेली असतात.

त्यातही उडण्यापेक्षा बघायचं ते ह्यांचं चालू होणं. डाकोटा किंवा हार्वर्डसारखं (हे पायलटना शिकवायचं जुनं विमान) गोल इंजिनवालं विमान असेल तर उड्डाणाच्या बऱ्याच आधी कुंपणापाशी जाऊन उभे राहा. आधी दोन माणसं येतात आणि प्रोपेलरचं एकेक पातं धरून हातानं, सावकाश फिरवतात. (ती शिकलेली माणसं असतात, वरचं सांगणं आपल्यासाठी.) ह्या इंजिनांचे सिलिंडर चक्रासारखे गोलात लावलेले असतात, त्यामुळं विमान उभं असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं. तेल काही हवेसारखं दाबलं जात नाही, तसंच स्टार्टर मारला तर आतला दांडा वाकू शकतो, म्हणून आधी हातानं फिरवून बघतात कुठं अडतंय का. मग पायलट आत बसतो, स्टार्टरचा किरकिरता आवाज येतो, पाती दोन-चार वेळा जड जड फिरतात, एक सिलिंडर पेटतो, ठप्प, मग काहीच नाही, मग अजून दोन पेटतात आणि एकदम निळसर पांढऱ्या धुराचा लोट बाहेर येतो, जळक्या तेलाचा वास कुंपणापर्यंत पोचतो आणि मग सगळे सिलिंडर लागून इंजिन धडधडायला लागतं. बाजूच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं, तेच साठलेलं तेल जळतंय. माझे बाबा ह्या वेळी टोपी काढून हातात धरतात, का ते मी कधी विचारलं नाही.

मग विमान धावपट्टीकडं निघतं तेव्हा मुलांना म्हणावं, बघ कसं नागमोडी चाललंय. शेपटीखाली छोटं चाक असलेल्या विमानाचं नाक जमिनीवर इतकं वर असतं की पायलटला समोरचं काही दिसत नाही, म्हणून तो जरा डावीकडं, जरा उजवीकडं वळत कडेनं बघत जातो. आणि स्पिटफायर चालू झालं की ते फार वेळ उभं राहणार नाही, जमिनीवर त्याच्या रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही आणि इंजिन पटकन तापतं, त्यामुळं ते सुरू झालेलं दिसलं की लगेच कॅमेरा काढा, नंतर काढू म्हटलं की गेलं.

आवाजावरून विमान ओळखायचा खेळ पण खेळा, मुलं ह्यात फार पटकन तयार होतात. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला १२ सिलिंडर, २७ लिटर, त्याचा आवाज गोल आणि भरीव, मस्टँग ह्या जुन्या अमेरिकन फायटरमध्ये पण मर्लिनच बसवलेलं असतं त्यामुळं डोळे मिटले तर दोन्ही भाऊबहीण वाटतात. हार्वर्डचा आवाज त्याच्या आकाराच्या मानानं फारच कर्कश, कारण त्याच्या पात्यांची टोकं जवळजवळ आवाजाच्याच वेगानं फिरतात. टायगर मॉथ म्हणजे चार सिलिंडरची शिवणयंत्रासारखी टकटक. ह्या विमानांना फायटरएवढा आवाज नसतो, त्यामुळं घाबरणाऱ्या मुलाची सुरुवात ह्यांच्यापासून करणं सगळ्यात चांगलं.

जेट बघायची पद्धत वेगळी आहे. दुसऱ्या वेळी लेक सारखी विचारायची, आई, विमान कुठंय, आणि मी आवाजाच्या दिशेला बोट दाखवायचे, तिथं काहीच नसायचं. आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर लांबच्या विमानाचा आवाज आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद. ताशी ९०० किलोमीटरनं जाणारं जेट एका सेकंदात २५० मीटर कापतं, तीन सेकंदात पाऊण किलोमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून आवाज जिथून येतोय त्याच्या बरंच पुढं, ज्या दिशेनं विमान जातंय तिकडं बघायचं. ते समोरून येत असेल तर आवाजाची वाट बघूच नका, धावपट्टीच्या दोन्ही टोकांवरच्या आकाशात जमिनीलगत नजर ठेवा, आधी लँडिंग लाइटचा ठिपका दिसतो, नाहीतर धुराची बारीक रेघ. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे एकदा समजलं की तेच आपल्याला दाखवायला लागतं.

दमट हवेचा दिवस असेल तर फायटरनं जोरात वळण घेतलं की पंखांवर पांढरा ढग येतो आणि जातो. बरेच लोक धूर म्हणतात पण ते पाणी आहे, पंखांवरचा हवेचा दाब एकदम कमी होतो, हवा गार पडते आणि वाफेचे थेंब होतात. टीम जो रंगीत धूर सोडतात तो वेगळा, इंजिनच्या गरम झोतात हलकं तेल सोडतात, त्याची वाफ होऊन लगेच बारीक थेंब होतात, रंग हवा असेल तर तेलात रंग मिसळतात. आणि वळताना पायलटवर ९ जी येतो म्हणजे काय हे मुलांना वजनात सांगा, ७० किलोच्या माणसाला स्वतःचं वजन ६३० किलो वाटतं, मान वळवायला सुद्धा जोर लागतो.

फॉर्मेशनमध्ये आधी विमानं मोजा. भारताच्या हवाई दलाची सूर्यकिरण टीम नऊ हॉक जेट घेऊन उडते, ब्रिटनचे रेड अ‍ॅरोज पण नऊ, फ्रान्सची टीम आठ अल्फा जेट, अमेरिकेचे ब्लू एंजल्स सहा, इटलीची फ्रेचे त्रिकोलोरी दहा. मोजून ठेवलं की मधेच कमी झाली हे लगेच कळतं, आणि कमी झाली म्हणजे दोन विमानं बाजूला जाऊन समोरासमोरून क्रॉस करायला येतायत. त्या वेळी एकानं डावीकडं बघायचं, एकानं उजवीकडं, आणि मधे आली की सगळ्यांनी मधे.

ढग खाली असले म्हणून लगेच हिरमुसू नका. टीमकडं एकच कार्यक्रम नसतो. रेड अ‍ॅरोजचंच घ्या, ढग ५५०० फुटांच्या वर असले तर लूपसकट (म्हणजे आकाशात उभं वर्तुळ मारणं) पूर्ण शो, त्याच्या खाली पण २५०० च्या वर असले तर लूपऐवजी रोल (पुढं जाता जाता स्वतःभोवती गिरकी), त्याच्याही खाली असले तर सपाट वळणं आणि फ्लायपास्ट, म्हणजे समोरून सरळ उडत जाणं. सपाट शोमध्ये विमानं सतत जवळ असतात, मला तो पण आवडतो. वारा मात्र जुन्या विमानांना चालत नाही, टायगर मॉथसारखी हलकी विमानं आडवा वारा जोरात असेल तर उडवतच नाहीत आणि ते बरोबरच आहे. तुम्ही खास जुन्या विमानासाठी जात असाल तर आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघा आणि म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा की ते जमिनीवरच बघायला मिळेल कदाचित. तिकिटाची अट पण वाचून घ्या, हवामानामुळं एखादं विमान नाही उडालं तर पैसे बहुतेक परत मिळत नाहीत.

कुणीतरी दर वेळी विचारतंच की विमानं एवढी लांब का उडवतात, अजून जवळून न्यायची ना. ह्याचं उत्तर दुःखाचं आहे. ६ सप्टेंबर १९५२ ला फार्नबरोच्या शोमध्ये डीएच ११० हे जेट हवेतच तुटलं आणि तुकडे गर्दीत पडले, १९८८ ला जर्मनीत रामश्टाइनला तीन विमानं एकमेकांवर आदळली, २००२ ला युक्रेनमध्ये ल्विव्हजवळ सुखोई गर्दीत घुसलं आणि ७७ लोक गेले. ह्यातूनच नियम कडक होत गेले, प्रेक्षकांच्या दिशेनं कसरत करायची नाही, गर्दीला समांतर उडायचं, आणि अमेरिकेत तर सगळ्यात वेगवान गटाच्या विमानांची रेषा प्रेक्षकांपासून १५०० फूट लांब असते. म्हणून कुंपणापलीकडं पाय टाकू नका, बाहेरच्या शेतातून फुकट दिसतं म्हणून धावपट्टीच्या टोकाखाली मुलांना घेऊन उभे राहू नका. ड्रोन, पतंग, गॅसचे फुगे अजिबात नको, एक ड्रोन दिसला तरी अख्खा शो थांबवावा लागतो. कागद, प्लॅस्टिकची पिशवी, टोपी हे पण वाऱ्यानं धावपट्टीवर जातं आणि जेट इंजिन ते आत ओढतं. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली बघा.

बाकी सामानाचं थोडक्यात. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट, पण बाटल्या आत नेऊ देतात का ते आधी तपासा. सावली जवळजवळ नसतेच, मोठ्या मालवाहू विमानाच्या पंखाखाली असते आणि तिथं दहा वाजायच्या आतच लोक जाऊन बसलेले असतात. छत्री मागच्यांना आडवी येते म्हणून टोप्या आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. घडीच्या खुर्च्या आजी-आजोबांसाठी, मुलांना सतरंजी बरी. दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरते, जास्त पॉवरची हातात हलते, आणि मुलांच्या हातात देताना सूर्य कुठं आहे ते आधी बघा. कुत्र्याला घरी ठेवा, त्याचे कान आपल्यापेक्षा नाजूक असतात.

मुलं हरवू नयेत म्हणून सकाळी गेटपाशीच प्रत्येकाचा फोटो काढा म्हणजे आज कुठले कपडे घातलेत ते दाखवता येतं, मनगटावर आतल्या बाजूला फोन नंबर लिहा. पण गर्दीत नेटवर्क बसतं, फोनवर विसंबू नका, भेटायची जागा ठरवा. आणि ती जागा विमान नको! आम्ही एकदा ठरवलं होतं त्या पिवळ्या विमानापाशी भेटू आणि दीड वाजता ते ओढून धावपट्टीकडं नेलं, बाबा रिकाम्या जागेत उभे होते. खांब, तंबू, पाण्याची टाकी, जे हलणार नाही ते.

फोटोचं सांगायचं तर प्रोपेलरवाल्या विमानाला शटर १/२५० किंवा त्याहून सावकाश ठेवा, नाहीतर पाती गोठल्यासारखी दिसतात आणि विमान हवेत लटकवल्यासारखं वाटतं. जेटला १/१००० च्या वर. मोबाईलवर मात्र मी फक्त इंजिन चालू होतानाचा व्हिडिओ घेते, उडतानाचा घेत नाही, एवढ्याशा स्क्रीनमध्ये ठिपका दिसतो आणि डोळ्यांनी बघायचं राहून जातं.

शो संपला की सगळे एकदम पार्किंगकडं पळतात आणि तासभर गाडीत अडकतात. तुम्ही पळू नका. सतरंजी तिथंच राहू द्या, उरलेलं खाऊन घ्या, मुलांना जरा लोळू द्या. कारण पाहुणी आलेली विमानं आता आपापल्या घरी निघतात, कार्यक्रमात न लिहिलेली, एकेक करून. मागच्या वेळी मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं, ऊन उतरलं होतं, आणि ते पिवळं दोनपंखी विमान गवतावरून उठलं, एक चक्कर मारून परत कुंपणावरून गेलं आणि जाताना पायलटनं पंख डावीउजवीकडं हलवले. बाबा म्हणाले, तुलाच केलं बघ त्यानं. लेक दोन्ही हात वर करून ओरडत होती, इअरमफ केव्हाच गळ्यात आले होते.